कासची जाळी काढली, आता गुरं सोडायची का?

घाटमाथा: २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात साताऱ्याचं कास पठारही होतं. गर्दी फुलं तुडवायला लागली म्हणून जाळीचं कुंपण आलं आणि गुरांचं चरणंही थांबलं. मग गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड सुरू झाली. पुढे जाळी निघाली. माझं म्हणणं, अडवायचं होतं माणसांना, अडवलं गुरांना. गेंद, सीतेची आसवं ही बुटकी झाडं, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या जेमतेम मातीत उघड्या उन्हात वाढणारी. गवत चढलं की सावलीत संपली. ते गवत पिढ्यान्‌पिढ्या गुरांनीच ताब्यात ठेवलं.

चिमणबाग: म्हशीचं तोंड दिसलं, शेण नाही दिसलं? सीतेची आसवं कीटकभक्षी का झाली? तिथल्या जमिनीत नत्र नाही म्हणून. इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून ती गरज भागवते. शेणखत मिळालं की फावणार गवताचंच. वर खालच्या शेतातल्या तणांचं बी शेणातून पठारावर.

घाटमाथा: बियांचं मान्य. नत्राचं नाही. गुरं पठारावर खातात आणि रात्री गोठ्यात येतात, म्हणजे बरंचसं शेण गावच्या उकिरड्यावर. पठारावरचं नत्र उलट कमीच होतं. राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी उद्यान आठवा. १९८२ मध्ये म्हशींना बंदी घातली, गावकऱ्यांशी संघर्ष होऊन माणसं मेली. नंतर पास्पालम गवताने पाणी झाकून टाकलं. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेच्याच दीर्घ अभ्यासातून निघालं की म्हशी हव्या होत्या.

चिमणबाग: भरतपूर पाणथळ, कास कातळ. एकाचं औषध दुसऱ्याला कशाला?

गुराखी_नातू: दोघांनाही एक विचारतो, गुरं आहेत कुठे? आमच्या जावळीकडच्या गावात घरटी एखादी जर्सी, तीही दावणीला. पोरं पुण्या-मुंबईला. पठारावर जायचं कोणी?

चिमणबाग: हे खरं. आणि पाऊस आता दिवाळीपर्यंत लांबतो. बी पडायच्या आधी गुरं सोडली तर पुढच्या वर्षीची फुलंच खाल्ली. निदान बी पडेपर्यंत थांबा.

घाटमाथा: थांबू. वाळलेलं गवत खाल्लं तरी फायदाच. नाहीतर त्याचा थर कोवळ्या रोपांवर बसतो, शिवाय वणव्याला सरपण. पण ऐन पावसात गवत चढतं तेव्हा काय, हा प्रश्न उरतोच.

चिमणबाग: तेव्हा विळा. माणूस पाहून कापेल, म्हैस पाहून खात नाही.

घाटमाथा: विळेवाला गेंदही तुडवेल की!

गुराखी_नातू: विळा असो की म्हैस, मजुरी प्रवेश शुल्कातून द्या. पर्यटकांकडून पैसे घेतातच. आधी एका तुकड्यावर चारून बघा, शेजारचा न चारता ठेवा, दोन्हीकडची फुलं मोजा.

चिमणबाग: एका हंगामात काही कळणार नाही. इथलं टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं.