मदत हवी आहे: ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा, पाण्याचा पाट कसा पाहावा?

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आईबाबांना घेऊन स्पेनला जातोय. अल्हाम्ब्राची (ग्रानाडा शहरातला मुस्लिम राजांचा जुना किल्ला आणि महाल) तिकिटं काढली. नासरी महालांत (त्या राजांच्या, म्हणजे नासरी घराण्याच्या महालांत) शिरायची वेळ ठरलेली असते, आपली सकाळी साडेदहाची आहे.

इतिहास थोडा वाचलाय. १२३८ मध्ये पहिल्या मुहम्मदाने टेकडीवर काम सुरू केलं, सिंहांचा चौक पाचव्या मुहम्मदाच्या काळातला, आणि १४९२ मध्ये किल्ला स्पेनच्या कॅथलिक राजाराणीच्या (फर्डिनांड आणि इसाबेला) हाती गेला. पण माझं मन अडकलंय पाण्यात. दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला, काही किलोमीटरवर अडवून राजाच्या पाटाने, म्हणजे कालव्याने, आणलं. पंप नाही, नुसता उतार! सिंहांच्या चौकातल्या कारंज्यात बारा दगडी सिंहांच्या तोंडून पाणी यायचं ते त्याच्याच जोरावर. (संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना मजा कळेल.)

तर, हा पाट प्रत्यक्ष कुठे दिसतो? हेनेरालिफेच्या (महालांशेजारची राजांची बागवाडी) बागेतून जातो म्हणतात, मग बाग आधी करावी की महाल? आईचे गुडघे दुखतात, चढ किती आहे? आणि भिंतींवरच्या अरबी ओळींचा अर्थ सांगणारा ऑडिओ गाइड घ्यावा का? गेलेल्यांनी कृपया सांगा.