मदत हवी आहे : गावाच्या कवी (समुद्रात जाळी लावण्याच्या ठरलेल्या जागा) किनारा आराखड्याच्या नकाशावर कशा आणाव्यात?

नमस्कार. मी पालघर जिल्ह्यातील एका कोळीवाड्यात राहतो आणि गावच्या मच्छीमार संस्थेचे कागदपत्रांचे काम पाहतो. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा आमच्या गावाचा नकाशा नुकताच संस्थेत पसरून पाहिला, तेव्हा त्यात वस्ती, रस्ते आणि धक्का सापडला. पण बोंबील वाळवण्याच्या वलांड्यांची (मासळी टांगायच्या आडव्या दांड्यांची) जागा मोकळी पुळण म्हणून दाखवलेली होती आणि समुद्र तर नुसताच निळा होता.

2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ओहोटीरेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंतचे पाणी या आराखड्यात येते, आणि मासेमारीचे पट्टे व माशांच्या विणीच्या जागा त्यात स्पष्ट दाखवणे अपेक्षित आहे. आमची मासेमारी डोलीची, म्हणजे खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची. खुंट एकदा ठोकला की जाळे तिथेच राहते आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते, त्यामुळे कव म्हणजे आमच्या लेखी शेतच, फक्त तिचा सातबारा नाही. कोणती कव कोणत्या घराची हे गावाला तोंडपाठ आहे.

अडचण अशी की, कवींचे अक्षांश-रेखांश सरकारी नकाशावर गेले तर शेजारच्या गावाशी असलेला जुना हद्दीचा वाद पुन्हा उकरला जाईल, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तरुणांचे म्हणणे उलट आहे : नकाशावर नसलेली जागा उद्या भरावाच्या प्रस्तावात रिकामे पाणी ठरेल. वाढवण बंदरासाठी समुद्रात 1448 हेक्टर भराव होणार आहे, हे पाहता मला तरुणांची भीती अधिक खरी वाटते. पण वडीलधाऱ्यांना डावलून या नकाशावर हरकत दाखल करण्याची माझी तयारी नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. प्रत्येक कव वेगळी न दाखवता गावाचा एकत्रित पट्टा दिला तर तो ग्राह्य धरला जातो का? स्थानिक नकाशा 1:4000 प्रमाणात गावनकाशावर बेतलेला असतो, पण समुद्राला सर्व्हे क्रमांक नसतो. मग पट्ट्याच्या खुणा कशाच्या आधारे लिहाव्यात? संस्थेचा ठराव पुरेसा आहे, की ग्रामसभेचाही हवा? हे विचारण्याचे कारण म्हणजे मासळी सुकवणाऱ्या बहुतेक बायका आमच्या संस्थेच्या सभासदच नाहीत, आणि वलांड्यांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नाही.

कोणी अशी हरकत जनसुनावणीत मांडली असल्यास, गावाचे नाव झाकून तिचा मसुदा येथे द्यावा, ही विनंती.