मदत हवी आहे: नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातलं हे बदक मादी म्हणावं तर पंख निळा कसा?

गाळपेर: डिसेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी साडेसात, चापडगावकडचा मनोरा. शेजारच्या हळदी-कुंकू बदकापेक्षा बरंच लहान. अंग खवल्याखवल्यांचं तपकिरी, चोच अख्खी राखाडी, गळा पांढुरका. चेहऱ्यावर दोन गडद पट्टे, एक डोळ्यातून आणि दुसरा गालावर. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. सगळी चिन्हं मादीची, पण पंख झटकले तेव्हाच्या फोटोत पुढचा भाग फिकट निळसर राखाडी दिसला. ठिपक्यामुळे बैकल टील या छोट्या बदकाची शंका येते. एकूण बारा होती, पण पांढऱ्या भुवईचा नर एकही नाही.

शेवाळ: गार्गनी, म्हणजे भुवई बदक. आणि हा नरच, एक्लिप्स, म्हणजे विणीनंतरच्या मळकट पिसाऱ्यातला. विणीनंतर उडायची पिसं एकदम झडतात, तीन-चार आठवडे उडता येत नाही. त्या काळात नर मादीसारखा मळकट वेष घेतात. आपल्याकडच्या बाकीच्या बदकांचे बरेच नर डिसेंबरपर्यंत रंगात येतात, गार्गनी मात्र फेब्रुवारीपर्यंतही रेंगाळतो. अंगाची पिसं वर्षातून दोनदा बदलतात, पंखाची एकदाच. म्हणून चेहरा कितीही फसवो, पंख नराचाच राहतो.

आता पंखावरची हिरवी पट्टी बघा. तिच्या पुढची आणि मागची पांढरी कड साधारण सारख्या रुंदीची असेल तर नर. मादीत मागची कड ठळक रुंद, पुढची बारीक. कॉमन टीलमध्ये उलट, पुढची रुंद. शिवाय त्याचा चेहरा साधा आणि शेपटीच्या मुळाशी बाजूला फिकट रेघ. बैकलचा ठिपका गोल, भोवती गडद कड, आणि हिरव्या पट्टीची पुढची कड तांबूस. निळा पंख थापट्यालाही (शॉव्हेलर) असतो, पण ती फावड्यासारखी चोच कोण विसरेल!

काठावरचा: उत्तर पटलं, पण फक्त निळेपणावर जाऊ नका. सकाळच्या सावलीत कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर असला की मादीचा राखाडी पंखही निळा येतो. त्याच फ्रेममधल्या बगळ्याचा पांढरा रंग आधी तपासा. तोही निळसर असेल तर रंगाचा पुरावा बाद, कडांच्या रुंदीवरच ठरवा. बदक अंघोळ आणि पिसं साफ करून झाली की पाण्यावर उभं राहून दोन-तीनदा पंख झटकतं. तेव्हा १/२००० सेकंद शटरवर सलग फ्रेम घ्या. पंख दिसावेत म्हणून थवा उठवायचा नाही, एवढं पाळा.

गाळपेर: मोठं करून पाहिलं. बगळा पांढराशुभ्र, दोन्ही कडा सारख्या, शेपटीजवळ रेघ नाही. 'टील, मादी' ही नोंद खोडून 'गार्गनी, नर, एक्लिप्स' केली. उरलेल्या अकरांचे पंख मिटलेलेच आहेत, त्यांचा नर-मादीचा रकाना कोरा ठेवलाय.