मदत हवी आहे : जीवशास्त्र न सोडता नीतिशास्त्र, धोरण आणि समाज यांचा अभ्यास कुठे करावा?

नमस्कार.

मी नागपूरला जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेली दोन वर्षे गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) तपासणीच्या एका प्रकल्पात सहायक म्हणून काम करते आहे. पुढच्या वर्षी उच्च शिक्षणासाठी अर्ज करायचे आहेत आणि कोणत्या विषयाकडे वळावे, याचाच निर्णय होत नाही. माझी अडचण नेमकी काय आहे हे कळावे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शिबिरात आम्ही आधी सोल्युबिलिटी चाचणी करतो. बोटातून घेतलेले रक्त नळीतल्या द्रावणात मिसळायचे आणि काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या अधिक नेमक्या तपासणीसाठी पुढे जातो आणि ती व्यक्ती केवळ वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेली, सहसा स्वतःला त्रास नसलेली) आहे की रुग्ण, हे तिथे ठरते. इथपर्यंतचे काम मला चांगले येते.

मागच्या पावसाळ्यात एका गावात अहवाल वाटताना १९ वर्षांच्या एका मुलीला वाहक असल्याचे कार्ड दिले. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि जोडीदाराच्या रक्तात असा दोष नसेल तर बाळाला आजार होत नाही, हे मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितले. तिच्या वडिलांनी सगळे शांतपणे ऐकले, कार्ड दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मॅडम, हे सोयरिकीच्या वेळी दाखवायचं का ठेवून द्यायचं?" मुलाचीही तपासणी करून घ्या, असे ठरलेले उत्तर मी दिले. पण मुलाकडच्यांनी तपासणीला नकार दिला आणि हिचे कार्ड मात्र पाहून घेतले, तर पुढे काय, हे मला सांगता आले नाही. ती मुलगी या सगळ्यात एक शब्दही बोलली नाही आणि मीही तिला काही विचारले नाही, याची टोचणी मला अजून आहे.

तपासणी चुकीची आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. सांधेदुखीने रात्रभर कळवळणारी मुले मी पाहिली आहेत आणि आजाराचे निदान वेळेत होणे किती मोलाचे असते, हे त्यांच्या आयांकडून ऐकले आहे. परंतु १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि इतक्या लोकांच्या रक्तातली माहिती कार्डावर येणार असेल, तर त्या माहितीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न लहान राहत नाही.

वाचायला लागल्यावर कळले, की असे पूर्वीही घडलेले आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या भागात १९७०च्या सुमारास हीच तपासणी झाली, तेव्हा वाहकांना कमीपणा येऊ लागला, अनेकांनी आपला अहवाल लपवला आणि वाहकांची आपसांतली लग्ने काही टळली नाहीत. अमेरिकेत त्याच काळात कृष्णवर्णीय वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडथळे आले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेशच दिला नाही. दोन्हीकडे चूक केवळ प्रयोगशाळेतली नव्हती. प्रयोगशाळेबाहेर जे चुकले, त्याचा अभ्यास मला करायचा आहे.

आता प्रश्नांकडे वळते. बायोएथिक्सचे (जैवनीतिशास्त्राचे) अनेक अभ्यासक्रम पाहिले, तर त्यांचा भर डॉक्टर-रुग्ण संबंध आणि संशोधनातली संमती यांवर दिसतो. समाजशास्त्राकडे गेले तर जीवशास्त्र हातून सुटेल, अशी भीती वाटते. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात 'बायॉलॉजी अँड सोसायटी' याच नावाची पीएच.डी. आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजात 'बायोएथिक्स अँड सोसायटी' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, एडिंबरा विद्यापीठात 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन सोसायटी' आहे. देशात मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठाची बायोएथिक्सची पदविका आणि जेएनयूतले विज्ञान धोरणाचे केंद्र, एवढे मला सापडले. यांपैकी कुठे शिकलेले कोणी असल्यास, तिथे जीवशास्त्राची पार्श्वभूमी खरोखर वापरली जाते की ती केवळ प्रवेशापुरती पाहिली जाते, हे कृपया सांगावे. माझा कल आधी पदव्युत्तर शिक्षण आणि मग पीएच.डी. असा आहे, कारण प्रयोगवहीपलीकडे मोठे असे काही मी कधी लिहिलेले नाही आणि अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात.

खर्चाचाही विचार करावाच लागेल. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी लागणारा दोन वर्षांचा कामाचा अनुभव माझ्याकडे होतो आहे आणि जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्जरूपी शिष्यवृत्तीची माहिती आहे. याखेरीज काही मार्ग असल्यास सुचवावा. घरच्यांचा प्रश्न मात्र परत आल्यावर काय, हा आहे आणि तो रास्त आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीत कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा जाणकार आणि सामान्य नागरिक असावे लागतात. परंतु समितीचे सदस्यत्व ही पगाराची नोकरी नव्हे. हा विषय शिकून महाराष्ट्रात पूर्ण वेळ काम करणारे कोणी इथे असल्यास, ते काय काम करतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

शेवटची शंका. अर्जातल्या निवेदनात कार्डाचा तो प्रसंग लिही, असे माझे एक शिक्षक आग्रहाने सांगतात. इथे मी ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तरी तो प्रसंग तिच्या आयुष्यातला आहे आणि प्रवेश मला मिळणार आहे. तिला विचारायला पुन्हा त्या गावी गेले, तर तिथल्या सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडे वळतील. अशा स्थितीत तुम्ही काय केले असते?