काटा काढून देणाऱ्या हाताला तमाशा म्हणू नका

हर्णैची लेक : कालच्या पोस्टीत एका गृहस्थांनी लिहिलंय, ‘स्मृतिभ्रंश झालेले वडील आश्रमात परक्या बाईचा हात धरून बसतात. आई हयात असताना हा तमाशा खपवून घेणार नाही. दोघांना वेगवेगळ्या इमारतीत ठेवा.’ वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझे बाबा शेवटची तीन वर्षं आश्रमात होते. आईला ‘मावशी’ म्हणायचे. जेवताना शेजारच्या काकूंच्या ताटातला बांगडा पुढ्यात ओढायचे, काटा काढायचे, बोटांनी पुन्हा चाचपायचे आणि मगच तो तुकडा त्यांच्या भातावर ठेवायचे. आईच्या ताटात त्यांनी चाळीस वर्षं हेच केलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनर यांनी नवऱ्याच्या याच आजारापायी पद सोडलं. तिथल्या केअर होममध्ये त्याचा दुसऱ्या रुग्ण बाईंवर जीव जडला. तो सुखात आहे याचंच आईला समाधान आहे, असं त्यांच्या मुलानं २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

गुहागरवाला : ती पोस्ट माझीच. अमेरिकेचं राहू द्या, माझ्या आईचं ऐका. एक्कावन्न वर्षांचा संसार. ती भेटायला गेली तर बाबा त्या बाईंना म्हणाले, “पाहुणी आलीय, चहा टाक.” परतीच्या एसटीत आई एक शब्द बोलली नाही. नंतर गेलीच नाही.

आश्रमातली ताई : अकरा वर्षं हेच काम करतेय. तुम्ही दोघंही आपापल्या बाबांबद्दल बोलताय. त्या बाईंना हे हवंय का, ते कुणी पाहिलं? काय घडलं ते पुसलं जातं, पण त्यातलं सुख नाहीतर भीती मागे राहते. आमच्या एक आजी दिवसभर आजोबांजवळ बसायच्या. दिवेलागणीला मात्र पदर घट्ट लपेटून खुर्ची मागे सरकवायच्या. आम्ही संध्याकाळच्या जागा बदलल्या, दुपारच्या तशाच ठेवल्या. न्यूयॉर्कच्या रिव्हरडेलमधल्या हिब्रू होम या वृद्धाश्रमानं रहिवाशांच्या अशा जवळिकीसाठी १९९५ मध्येच लेखी धोरण केलं. आमच्याकडे मात्र मुलाचा फोन हेच धोरण.

मालवणी माणूस : आणि फोन कुठून? डोंबिवलीहून! गणपतीत कुलूप काढायचं, आरत्या म्हणायच्या, विसर्जन झालं की पुन्हा कुलूप. आईबापाला आश्रमात टाकलंत, आता ते कुणाशी बोलतात तेही तुम्हीच ठरवणार?

देवरुखकर : ‘टाकलंत’ हा शब्द मागे घ्या. माझी आई रात्री दोनला दार उघडून विहिरीच्या काठावर उभी होती. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला दर वेळी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचो, ती वाटभर ओकायची. देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. सगळ्यांची मुलं नालायक?

मालवणी माणूस : माझ्या काकांना वाडीनं सांभाळलं.

देवरुखकर : कधी? आता वाडीत आहे कोण?

मालवणी माणूस : ...बारा घरां, दिवो लागता तीन घरात. तां खरां. पण ह्या गृहस्थांची भीती वेगळी आहे. बाग त्या बाईच्या नावावर जाईल ही ना?

गुहागरवाला : तोंड सांभाळून बोला. बाग आईच्या नावावर आहे, सातबारा बघून या! पाच वर्षं बाबांची लघवी मी काढलीय, तुम्ही नाही.

आश्रमातली ताई : त्यांच्यावर असं बोलू नका. पण दादा, इमारती वेगळ्या केल्यात तर तुमचे बाबा का ते न कळता रोज शोधत फिरतील. मी असे फिरणारे पाहिलेत. जेवण सोडतात.

गुहागरवाला : बरं. वेगळं करा असा फोन मी करणार नाही. पण आईला ‘समजून घे’ असंही सांगणार नाही. तिनं काय म्हणून समजून घ्यायचं?

हर्णैची लेक : सांगूच नका. माझी आईही सहा महिने गेली नव्हती. मग एका दुपारी न सांगता गेली आणि त्यांच्याच टेबलावर बसली. बाबांनी काकूंच्या भातावर तुकडा ठेवला. मग आईचं ताट ओढलं आणि काटे काढायला लागले. म्हणाले, “मावशी, थांबा जरा. घाई करू नका.”