औषधी गांजा चळवळीचे बिल्ले : अस्सल की नंतरचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकते, धागा गांजाबद्दल नाही, बिल्ल्यांबद्दल आहे. "कुठे मिळतो" असे व्यनि (खाजगी निरोप) कृपया नकोत. :)

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते आणि इथल्या निवडणुकांचे जुने बिल्ले, पत्रकं, स्टिकर जमवते. राष्ट्राध्यक्षांचे बिल्ले परवडत नाहीत, म्हणून सध्या कॅलिफोर्नियाच्या प्रपोझिशन २१५ च्या, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन ठरवायच्या औषधी गांजाच्या प्रस्तावाच्या मागे लागले आहे. ५ नोव्हेंबर १९९६ ला हा प्रस्ताव ५५.६ टक्के मतांनी मंजूर झाला आणि डॉक्टरच्या शिफारशीने गांजा वापरायची मुभा मतदानाने देणारं हे पहिलं राज्य ठरलं.

चळवळ उभी राहिली ती सॅन फ्रान्सिस्कोत, एड्सच्या साथीत. रुग्णांना अन्न जात नव्हतं, गांजाने मळमळ थांबून भूक लागायची. डेनिस पेरॉन या कार्यकर्त्याने पुढाकार घेतला, १९९१ मध्ये शहरापुरत्या प्रपोझिशन पी ला सुमारे ८० टक्के मतं पडली आणि मग मार्केट स्ट्रीटवर रुग्णांना गांजा पुरवणारा त्याचा क्लब चालू लागला. मेरी रॅथबन ऊर्फ ब्राउनी मेरी ही सत्तरीला टेकलेली बाई गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून एड्सच्या रुग्णांना फुकट वाटायची. १९९२ मध्ये तिला अटक झाली आणि त्याच वर्षी शहराने २५ ऑगस्ट हा दिवस तिच्या नावाने जाहीर केला! ऑगस्ट १९९६ मध्ये, म्हणजे ऐन प्रचारात, राज्याचा अॅटर्नी जनरल डॅन लंग्रेन याच्या माणसांनी क्लबवर छापा घातला. पुढे १९९८ मध्ये पेरॉन गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) याच लंग्रेनविरुद्ध उभा राहिला. हरला, पण त्या प्रचाराचं काही हाती लागलं तर मला हवंच आहे. प्रस्तावाच्या विरोधातलं साहित्यसुद्धा हवंय. एकाच बाजूचं जमवलं तर तो संग्रह कसला, ती भक्ती झाली.

आता अडचण. अलमीडाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक बिल्ला मिळाला. दोन इंची, हिरव्यावर पांढरी अक्षरं, "यस ऑन २१५". मागची पिन गंजलेली, आणि ५ च्या पोटात प्लास्टिकखाली तपकिरी डाग. दुमडलेल्या कडेवर काहीच छापलेलं नाही, संघटनेच्या कामगारांनी छापल्याची खूण म्हणून असतो तो कामगार संघटनेचा बारीक शिक्काही नाही. मग हा ९६ चाच, की नंतर कुणी हौसेने केलेला? डाग काढता येतो का?

दुसरं जरा नाजूक आहे. त्याच विक्रेत्याकडे त्या काळच्या एका क्लबचं सदस्य-ओळखपत्र आहे. रुग्णाचा फोटो, नाव, सगळं. वस्तू म्हणून बिल्ल्यापेक्षा कितीतरी मोलाची, पण घ्यावी का? तुम्ही काय कराल?

प्रतिसाद

शिक्का नाही म्हणजे नकली, असं समजू नका. पक्षांच्या मोठ्या प्रचारात तो हमखास दिसतो, पण अशा चळवळींत कार्यकर्ते बिल्ल्याचं हातमशीन आणून टेबलावरच बिल्ले ठोकायचे. १९७३ च्या कायद्याने राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं साल छापावं लागतं, तेव्हा कड भिंगाखाली फिरवून पाहा. साल दिसलं तर प्रश्नच मिटला. नाही दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, कायदा न पाळणारे भरपूर आहेत.

अक्षरांच्या कडा बघा. छापखान्याचा रंग सलग बसतो, घरगुती इंकजेटचे ठिपके विखुरलेले दिसतात. अतिनील टॉर्चच्या नादी लागू नका. कागद चमकला की नवा, ही युक्ती १९५० च्या आधीच्या बिल्ल्यांसाठी, ९६ चा कागदही चमकणारच.

डागाला हात लावू नका. आत ओल शिरून कागद डागाळलाय, बाहेरून पुसून जाणार नाही. धुतलात तर उरलेला कागदही जाईल. सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात अजिबात नको.

प्रतिसाद

ओळखपत्र मी घेईन, पण भिंतीवर लावणार नाही आणि फोटो तर कुठेच टाकणार नाही. केंद्राच्या कायद्याने त्या काळी गांजा बाळगणं गुन्हाच होता, शिवाय एखाद्याचा आजार त्यावरून उघड होतो. माणूस हयात असू शकतो, नसला तर घरचे आहेत. समलिंगी समाजाचा इतिहास जपणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीला विचारून पाहा. असे कागद ठरावीक वर्षं बंद ठेवायची सोय अभिलेखागारांत असते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! ओळखपत्र विक्रेत्याकडे राहिलं तर उद्या कुणीतरी लिलावाला लावेल, त्यापेक्षा घेते आणि सोसायटीला मेल टाकते. बिल्ल्याच्या कडेवर साल नाही, एवढं साध्या डोळ्यांनी तरी दिसतंय. भिंग दहापटीचं पुरेल का? आणि गंजलेल्या पिनेचं काय करू, तशीच राहू दे?