गॅडोलिनियम नायट्राइडच्या ऊर्जापट्टांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. दुर्मीळ मृदा नायट्राइडांच्या इलेक्ट्रॉनीय ऊर्जापट्टांचे गणित मी घनता फलन सिद्धांताने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीने) करीत असून एका निर्णयाशी काम अडले आहे. गॅडोलिनियमच्या 4एफ कवचात एकाच दिशेच्या स्पिनचे 7 इलेक्ट्रॉन असतात. त्यांवर हबार्ड यू (एकाच अणूवरील इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणासाठीची दुरुस्ती) लावला की भरलेल्या पातळ्या फर्मी पातळीच्या (भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमधील सीमेच्या) बऱ्याच खाली जातात, रिकाम्या वर सरकतात आणि प्रत्येक सूत्र एककामागे 7 बोर मॅग्नेटॉन इतके चुंबकी आघूर्ण मिळते. इथवर समाधान आहे.

खरी अडचण एक्स बिंदूवर (इलेक्ट्रॉनांच्या संवेग-अवकाशातील एका कडेच्या स्थानी) आहे. तेथे गॅडोलिनियमचा 5डी पट्ट इतका खाली उतरतो की गॅमा बिंदूवरील (त्याच अवकाशाच्या केंद्रातील) नायट्रोजनच्या 2पी पट्टाच्या माथ्याशी तो भिडतो आणि दोन्ही पट्टांमधील ऊर्जेची फट मिटते. 5डी पातळ्यांवरही यू लावल्यास फट उघडते, हे खरे. परंतु 4एफसारख्या अणूशी बांधलेल्या नव्हे, तर स्फटिकभर पसरणाऱ्या या कक्षकांसाठी ती दुरुस्ती भौतिकदृष्ट्या समर्थनीय मानावी, की गणनेचा खर्च सोसून संकरित फलन किंवा जीडब्ल्यू या अधिक काटेकोर पद्धतींकडे वळावे? मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

याच मालिकेतील निओडिमियम नायट्राइडमध्ये 4एफचे 3 इलेक्ट्रॉन 7 कक्षकांत आरंभी कसे बसवले, त्यानुसार गणित वेगवेगळ्या ऊर्जेला स्थिरावते. हुंडच्या नियमांनुसार (अणूतील इलेक्ट्रॉनांची सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी सांगणाऱ्या नियमांनुसार) एल (एकूण कक्षीय कोनीय संवेग) 6 आणि एस (एकूण स्पिन) 3/2 येईल असा आरंभीचा घनता आव्यूह (कोणते कक्षक किती भरले आहेत हे सांगणारा तक्ता) हाताने देऊन, स्पिन-कक्षा युग्मन (इलेक्ट्रॉनाच्या स्पिनची त्याच्या कक्षीय गतीशी असलेली सांगड) पहिल्या पायरीपासूनच चालू ठेवावे का? ज्यांनी असे गणित केले आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.